शरीफ घर म्हणजे कोणाचे घर?

चौथीच्या वर्गात मी ‘हमारा घर’ या विषयावर पाच ओळी लिहायला सांगितल्या. नमुना म्हणून फळ्यावर लिहिले: अब्बा काम पर जाते हैं, अम्मी खाना पकाती हैं. सगळा वर्ग खाली मान घालून उतरवू लागला. एक मुलगी मात्र कोऱ्या वहीपुढे बसून होती. जवळ गेले तर हळूच म्हणाली, “टीचर, सच्ची लिखूं क्या, सब लिखतें वैसा लिखूं?”

तिच्या घरात आई आणि नानी. बापाने तलाक देऊन दुसरा संसार मांडला. आई विड्या वळते, त्यावर घर चालते. फळ्यावरचे घर तिचे नव्हते आणि ते लिहिणारी मी होते, बी.एड. झालेली, तिच्याच समाजातली.

इतरांनी आपले एकच चित्र रंगवले, ही आपली जुनी तक्रार. चित्रपटात नवाबाची हवेली आणि पानदान. भाषणांत चार बायका आणि पोरांचे लेंढार. तक्रार खरीच आहे. पण आपण जलशांतून ‘शरीफ खानदान’ म्हणून जे सांगतो, तेही एकच चित्र नव्हे काय? उर्दू बोलणारे घर, कमावता पुरुष, पडद्यातली बाई.

कोकणात कितीतरी घरांतला पुरुष वर्षानुवर्षे आखातात असतो. शेत, शाळा, कारभार बाई पाहते आणि घरात कोकणी बोलते. मालेगावचे मोमीन १८५७ नंतर उत्तरेतून आले. तिथे यंत्रमागाच्या पाळीवर घराचे जेवण ठरते. सातारा-सांगलीकडच्या कित्येक मुलाणी, बागवान, अत्तार घरांत मराठी चालते. माझ्या वर्गातली मुले घरी दखनी बोलतात. मी मात्र सर्वांपुढे ‘मातृभाषा : उर्दू’ लिहून मोकळी होते.

‘इस्लाममध्ये जात नाही’ हे वाक्य धर्माबद्दल खरे आहे, आपल्या सोयरिकींबद्दल खोटे. पिंजारी, छप्परबंदांच्या मुली मागायला सय्यद-पठाणांची किती घरे गेली? मुस्लिम ओबीसी चळवळीने हे उघड बोलून दाखवले. दिलीपकुमार तिच्या व्यासपीठावर उभे राहिले. १९९४ साली राज्य शासनाने या बिरादऱ्यांना सवलतींचे दार उघडले. २००६ मध्ये सच्चर समितीनेही समाज एकजिनसी नसल्याचे नोंदवले. ‘उम्मत फुटेल’ अशी भीती घालणारे आपल्यातलेच होते. उम्मत फुटली नाही. पिंजाऱ्याची मुले मात्र कॉलेजात गेली.

तलाकचेही तेच. १९६६ साली हमीद दलवाईंनी सात बायकांचा मोर्चा नेला, तेव्हा आपण कानांवर हात ठेवले. २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने एका दमातला तीन तलाक रद्दबातल ठरवला, २०१९ मध्ये कायदा झाला. एका बाजूने ढोल वाजवले, दुसऱ्या बाजूने ‘शरीयत खतऱ्यात’ म्हणून गळा काढला. त्या गोंधळात एकट्या बाईला मोहल्ल्यात खोली कोण देतो, हे कोणी विचारले? ‘वडिलांची सही आण’ म्हणून त्या मुलीला दोनदा शाळेतून परत पाठवणारे आपलेच लोक होते. १ मे २०२४ पासून जन्मलेल्या मुलांच्या नावात आईचे नाव लावणे शासनाने बंधनकारक केले. कागद बदलला, आपण कधी बदलणार?

कोणी म्हणेल, वातावरण असे असताना घरची धुणी चव्हाट्यावर कशाला? वातावरण वाईट आहे, मान्य. पण एकच चित्र दाखवून बचाव करणारे, एकाच चित्रावरून दोष देणाऱ्यांशी भांडणार कसे?

त्या दिवशी मी फळा पुसला. “सच्ची लिख,” म्हणाले. तिने लिहिले, ‘अम्मी बीड्यां बनातीं, हमारा घर चलता.’ किताबी उर्दूच्या हिशेबाने चूक होती. मी लाल शाई लावली नाही.

उर्दू शाळांतल्या माझ्या सहकाऱ्यांनी एवढे तरी करावे : फळ्यावर नमुना लिहिण्याआधी मुलांना त्यांचे घर विचारावे. आणि मशिदीच्या कमिट्यांनी जकातीची यादी करताना अशा घरांची दारे जरूर वाजवावीत. पण आपल्या मुलासाठी तिथे सोयरीक मागायचीही लाज बाळगू नये.