निराश्रित स्त्रीचा पत्ता

घर नसलेला पुरुष रस्त्यावर सर्वांच्या दृष्टीस पडतो. घर नसलेली स्त्री बहुधा लपून राहते. एस्. टी. स्थानकावर शेवटच्या गाडीची वाट पाहणाऱ्या उतारूप्रमाणें ती बसते, इस्पितळाच्या ओसरीवर कोणा रोग्याची नातलग असल्याचें भासवून रात्र काढते, किंवा दूरच्या आप्ताकडे धुणेंभांडीं करून 'पाहुणी' म्हणवून घेते. सन २०११ च्या खानेसुमारींत ता. २८ फेब्रुवारीच्या रात्रीं मोजणीदार पदपथांवर व पुलांखालीं फिरले आणि साऱ्या देशांत सुमारें १७ लक्ष ७० हजार बेघर माणसें नोंदलीं गेलीं. ह्या पाहुणीची गणना त्यांत कोठून होणार?

आमच्या समाजांत स्त्रीचें घर म्हणजे आधीं बापाचें, मग नवऱ्याचें, शेवटीं मुलाचें. कायद्यानें ह्या बाबतींत पाऊल पुढें टाकलें आहे, हें आम्ही आनंदानें मान्य करतों. २००५ सालच्या एका कायद्यानें हिंदु कन्येस वडिलोपार्जित मिळकतींत पुत्राइतका वांटा दिला. त्याच सालच्या दुसऱ्यानें छळ सोसणाऱ्या स्त्रीस राहत्या घरांतून मनमानीनें हुसकून लावण्यास मनाई केली. परंतु न्यायाचा कागद हातीं येईपर्यंत रात्री कोठें काढावयाच्या?

ह्या प्रश्नाचें उत्तर ज्यांनीं कृतीनें दिलें, त्यांत पंडिता रमाबाईंचें नांव अग्रभागीं आहे. बेघरपणाची ओळख त्यांस ग्रंथांतून झाली नव्हती. बाळपणापासून आईबापांबरोबर तीर्थोतीर्थीं पायीं हिंडलेल्या ह्या विदुषीनें दुष्काळाच्या दिवसांत दोघांसही थोडक्याच अंतरानें गमावलें होतें. ता. ११ मार्च १८८९ रोजीं त्यांनीं मुंबईस शारदा सदन उघडलें व पुढल्याच वर्षीं तें पुण्यास आणलें. १८९६-९७ च्या दुष्काळांत तर त्या स्वतः मध्यप्रांतांत गेल्या आणि उपाशी, अनाथ मुलीबायकांना घेऊन आल्या. त्यांतूनच केडगांवचें मुक्ति सदन वाढलें. रमाबाईंच्या धर्ममतांवरून पुण्यांत मोठें वादळ उठलें होतें व अनेक पालकांनीं आपल्या मुली सदनांतून काढून नेल्या होत्या. तो वाद येथें उकरण्याचें आम्हांस प्रयोजन नाहीं. आम्हांस नवल वाटतें तें केडगांवच्या व्यवस्थेचें. आलेल्या स्त्रीस अन्नवस्त्र मिळे, पण तेवढ्यावर तिला बसवून ठेवीत नसत. शेत होतें, गुरें होतीं, माग होते, छापखाना होता. रमाबाईंनीं भाषांतरिलेल्या मराठी बायबलाचे खिळे ह्याच स्त्रियांच्या बोटांनीं जुळविले आहेत. शारदा सदनाच्या पहिल्या विद्यार्थिनींपैकीं एक, गोदूबाई, १८९३ सालीं धोंडो केशव कर्वे ह्यांच्या पत्नी झाल्या. १८९६ सालीं कर्व्यांनीं अनाथ बालिकाश्रम स्थापिला आणि १९०० सालीं तो हिंगण्यास नेला. एका घरानें दुसऱ्या घरास असा हात दिला.

आमची तक्रार आश्रमांविषयीं नाहीं, आश्रमाबाहेरच्या आम्हां लोकांविषयीं आहे. केडगांव काय, हिंगणें काय, दोन्ही ठिकाणें तेव्हां शहरापासून दूर होतीं, आणि वर्गणी धाडून मोकळें होणें आम्हांस सोयीचें होतें. शहरांतील एक लक्ष वस्तीमागें निदान शंभर माणसांचा निवारा असावा, असा दंडक सरकारी योजनेनें घालून दिला होता. तो सर्वत्र पाळला गेला तरी निवाऱ्यांतून बाहेर पडणाऱ्या स्त्रीस पुढें कोणाच्या आळींत जावयाचें आहे? आमच्याच.

हें आम्ही अनुभवानें लिहितों, व तो अनुभव आम्हांस भूषणावह नाहीं. दोन वर्षांपूर्वींच्या पावसाळ्यांत एक मध्यमवयीन बाई आमच्या देवळाच्या ओसरीवर येऊन राहिली. आम्हीं तांदूळ गोळा केले, जुनीं लुगडीं दिलीं, नाताळांत तिच्यासाठीं स्वतंत्र पेटी फिरविली. पुढें तिला एका खानावळींत पोळ्या लाटण्याचें काम मिळालें. आतां खोली हवी होती, आणि येथेंच आमची दया आटली. घरमालक विचारीत, "तुमच्याबरोबर पुरुषमाणूस कोण?" तिची हमी घेण्यास कोणी पुढें येईना. पत्ता नाहीं म्हणून शिधापत्रिका नाहीं, बँकेंत खातें नाहीं. पगार पदराच्या गांठींत. आमच्यापैकीं निदान चौघांच्या घरीं मागची खोली रिकामी होती. मुलांचा अभ्यास, शेजाऱ्यांचें बोलणें, अशीं कारणें आम्हीं एकमेकांस सांगितलीं व एकमेकांचीं पटवूनही घेतलीं.

अखेर एका सेवानिवृत्त नर्सबाईंनीं खोली दिली. त्यांनीं फारसा विचार केला नाहीं. "मलाही रात्रीं सोबत होईल," एवढेंच म्हणाल्या. पहिल्या महिन्यांत त्या भाडें घेईनात, तेव्हां ती बाई दारांतून हलेना. "फुकट नको, बाई. भाडें घ्या आणि पावती द्या. पावतीवर माझें नांव लिहा, आणि खालीं ह्या घराचा नंबर."

त्या पावत्या ती एका पत्र्याच्या डब्यांत जपून ठेवते. गेल्या नाताळांत तिनें आम्हांस फराळास बोलाविलें होतें. चौघांपैकीं तिघे गेलों.