कारगिलचे विमान कोणी अडवले?

दरवर्षी २६ जुलैला द्रासच्या स्मारकावर पुष्पचक्रे वाहिली जातात आणि कारगिलच्या नावाने देशभर छात्या फुगतात. त्याच कारगिलच्या माणसाला भर हिवाळ्यात आजारी आईला घेऊन श्रीनगर गाठता येत नाही, याची लाज दिल्लीत कोणालाच वाटत नाही!

बर्फाने झोजिला खिंड बंद झाली की श्रीनगरची वाट संपते. उरते लेह, म्हणजे नमिका ला आणि फोटू ला ओलांडत दोनशे किलोमीटरांहून अधिक गोठलेला रस्ता. कारगिलला धावपट्टी नाही म्हणावे, तर तीही आहे, सुमारे सहा हजार फुटांची. जानेवारी २०२४ मध्ये हवाई दलाने तिच्यावर रात्रीच्या काळोखात सी-१३० जे हे अवजड विमान उतरवून दाखवले. तिकीट काढून बसावे असे नियमित प्रवासी विमान मात्र तिथे नाही. अडकलेल्यांची ने-आण हवाई दलच एएन-३२च्या 'कारगिल कुरियर'ने करते. त्या वैमानिकांना आमचा मुजरा! पण २०११ च्या जनगणनेतच एक लाख चाळीस हजारांवर गेलेल्या जिल्ह्याने लष्कराच्या उपकारावर किती वर्षे काढायची? प्रशासनाच्या यादीत नाव लावा, बोचकी बांधून बसा. ढग आले की उद्या या, उद्याही ढग असले तर परवा. रोग थांबत नाही, परीक्षेची तारीख थांबत नाही. याला काय विमानसेवा म्हणायचे?

२७ एप्रिल २०१७ रोजी केंद्राच्या 'उडान' योजनेचे विमान शिमल्याहून उडाले, त्याच दिवशी नांदेडला हैदराबादची सेवा मिळाली. हवाई चप्पल घालणाराही विमानात बसेल, हा पंतप्रधानांचा शब्द होता. नांदेडला मिळाले ते योग्यच झाले. मग कारगिलने कोणते पाप केले? डोंगर आडवे येतात, हवा विरळ आहे, हे रडगाणे पुरे! शिमल्याची धावपट्टी याहून आखूड, तरी तिथे छोटे विमान उतरलेच. कारगिलच्या उंचीवर प्रवासी कमी बसवावे लागतील, हे आम्हालाही कळते. तेवढी तूट तिजोरीने सोसावी. सीमेवर वस्ती टिकवून धरणाऱ्यांसाठी नाही, तर तिजोरी आहे कोणासाठी?

३१ ऑक्टोबर २०१९ पासून लडाख थेट केंद्राच्या हाती आहे. श्रीनगरच्या सरकारकडे बोट दाखवण्याची पळवाटही आता उरलेली नाही. झोजिलाचा बोगदा होईल तेव्हा होईल; विमानाने त्याची वाट का पाहावी? धावपट्टी वाढवायची, छोटी विमाने लावायची की दोन्ही करायचे, ते नागरी विमान वाहतूक मंत्रालयाने ठरवावे आणि पुढचे बर्फ पडण्याआधी ठरवावे. महाराष्ट्राच्या खासदारांनो, उठा, लोकसभेत मंत्र्यांना उभे करा आणि कारगिलच्या पहिल्या नियमित विमानाची तारीख त्यांच्या तोंडून वदवून घ्या!