गच्ची आपली, मीटर आजोबांच्या नावावर

जुन्या नाशकातल्या आमच्या घराचं वीजबिल आजही आजोबांच्या नावाने येतं. त्यांचा इंतकाल होऊन 19 वर्षं झाली. वीज येत होती, बिल भरलं जात होतं, म्हणून कुणी लक्ष दिलं नाही. सौर पॅनलसाठी अर्ज भरायला बसलो, तेव्हा अडलो. ज्याच्या नावाचं मीटर, त्याचाच अर्ज हवा. आणि तो तर कब्रस्तानात.

पीएम सूर्यघर योजना फेब्रुवारी 2024 मध्ये आली. घरगुती ग्राहकाला 1 किलोवॅटसाठी 30 हजार, 2 साठी 60 हजार, 3 किंवा जास्त किलोवॅटसाठी 78 हजार रुपये अनुदान. 1 किलोवॅटला साधारण 100 चौरस फूट जागा लागते आणि महिन्याला 100 ते 120 युनिट मिळतात. लहान कुटुंबाचं त्यात भागतं. त्याच वर्षी केंद्राने नियम बदलून 10 किलोवॅटपर्यंतच्या अर्जांची तांत्रिक तपासणीची अटही काढली.

मग आपले मोहल्ले मागे का राहतात? 'आपल्याला कोण देणार' हे उत्तर सोपं आहे, पण अपुरं आहे. मी सॉफ्टवेअर लिहितो. फॉर्ममध्ये ज्याच्यासाठी रकाना नाही, तो माणूस सिस्टीमला दिसतच नाही. स्वतःची गच्ची, स्वतःच्या नावाचं मीटर असलेला बंगलेवाला दिसतो. पाच भावांचा वाडा आणि त्यातला भाडेकरू दिसत नाही.

म्हणून काही जण म्हणतात, महावितरणचा नाद सोडा, बॅटरी घ्या आणि मोकळे व्हा. ज्याच्याकडे पैसा आहे, तो होईल. बाकी गल्लीचं काय? महावितरण सरकारी कंपनी आहे, म्हणजे आपलीही आहे. तिच्यापासून पळायचं नाही, तिच्याकडून काम करून घ्यायचं.

त्यात तिचाही फायदा आहे. 100 युनिटच्या आतल्या ग्राहकाला स्वस्त वीज मिळते आणि त्याचा भार उद्योगांच्या दरावर पडतो. तो ग्राहक स्वतःची वीज बनवू लागला, तर हा भार हलका होतो. गच्चीवरची वीज शेजारच्या घरातच वापरली गेली, तर तारांमधली गळतीही वाचते. श्रीमंत ग्राहक सोलर लावून निसटतात अशी तक्रार असेल, तर आधी गरिबांच्या गच्च्यांवर या.

मागण्या दोन. पहिली, महावितरणने मोहल्ल्यात शिबिरं घेऊन वारसांच्या नावावर मीटर करून द्यावीत. दुसरी, एका गच्चीवरच्या विजेचं श्रेय अनेकांच्या बिलात वाटण्याची सोय भाडेकरूंपर्यंत पोहोचवावी. दिल्लीच्या वीज नियामक आयोगाने अशा व्यवस्थेची मार्गदर्शक तत्त्वं 2019 मध्येच काढली.

आणि आपण? मशिदीत कूलर देतो, पंखे देतो. एखाद्या विधवेच्या पत्र्यावरचं पॅनलही सदका-ए-जारियाच आहे, वीसेक वर्षं चालणारं. उरलेल्या रकमेसाठी व्याजाचं कर्ज नको असेल, तर जमातीने बिनव्याजी फंड उभा करावा. नुसतं 'व्याज हराम' म्हणून घरी बसल्याने अम्मीचं बिल कमी होत नाही.

येत्या जुम्याला नमाजनंतर मशिदीबाहेर एक टेबल मांडा. लोकांना वीजबिल, मृत्यूचा दाखला आणि घराचे कागद घेऊन यायला सांगा. पॅनल नंतर येईल. आधी मीटरवर जिवंत माणसाचं नाव येऊ द्या.