एका मिनिटात प्राणी सांगा

“ॲनिमल्सची नावं सांगा. एक मिनिट. इंग्लिशमध्ये सांगा, हिंदी पण चालेल.” मराठी चालेल का, हे कुणी म्हटलं नाही आणि माझ्या मामेभावानं विचारलंही नाही. तो लालबागच्या चाळीत वाढलेला, दहावीपर्यंत मराठी माध्यम, मग डिप्लोमा. सायकोसिसच्या पहिल्या झटक्यानंतर तीन महिन्यांनी ही चाचणी झाली. नऊ नावं आली. ‘डॉग’ आणि ‘कुत्ता’ एकच धरले, म्हणजे आठ. रिपोर्टमध्ये एक ओळ आली: शाब्दिक ओघ कमी. ती वाचून मामांनी ठरवलं, याला आता डिग्रीला घालण्यात अर्थ नाही.

माझं भांडण आजाराशी नाही. आजार खरा आहे. हा मुलगा बोलता बोलता थांबतो आणि “ते... पाण्याचं...” म्हणत तांब्याकडे बोट दाखवतो. पहिल्या झटक्यापासूनच शब्द सुचणं मंदावतं आणि एका अक्षराचे शब्द सांगण्यापेक्षा एका गटातली नावं सांगणं बहुधा जास्त अडतं, हे संशोधनात पुन्हा पुन्हा दिसलंय. ब्लॉयलरनं 1911 साली या आजाराच्या गाभ्याशी कल्पनांमधले सैल झालेले धागेच ठेवले होते. शब्द बहुतेक वेळा जागेवर असतो, त्याच्याकडे जाणारी वाट सापडत नाही. त्यात गोळ्यांची गुंगी.

पण म्हणूनच फूटपट्टी नीट हवी. परक्या भाषेत विचारलं, तर ठणठणीत माणसाचेही शब्द कमी पडतात. ती घट वजा केल्याशिवाय उरलेली आजाराच्या खात्यावर कशी टाकता? अक्षरांच्या चाचणीत तर आणखी गंमत. इंग्रजीत एफ, ए, एस ही अक्षरं ठरलेली. मराठीत कुठली घ्यायची? ‘ळ’ आणि ‘ण’नं आपल्याकडे शब्दच सुरू होत नाहीत. ‘क’ दिला तर ‘क्रिकेट’ धरायचं का? ‘क्षमा’? बाराखडीवर वाढलेल्या डोक्याला ‘क’ आणि ‘कू’ एकच वाटतात का? हे आधी ठरवायला हवं, मग गुण.

आणि आपल्याला हा खेळ नवा थोडाच आहे? नाव-गाव-फळ-फूल म्हणजे दुसरं काय? गाण्याच्या भेंड्यांमध्ये ‘ळ’ आला की ‘ल’ घ्यायचा, हा नियम पोरांनी कधीच लावून टाकलाय. तज्ज्ञांनी निदान तेवढं तरी करावं.

मी त्याला मिरची गल्लीत घेऊन गेलो. ब्याडगी, संकेश्वरी, लवंगी, काश्मिरी, दगडफूल, नाकेशर, जायपत्री, तिरफळ, असं तो बोलत सुटला. ही चाचणी नव्हे, कबूल. माल डोळ्यांसमोर होता. घरी येऊन मराठीत प्राणी विचारले, तेव्हा तेरा आले. दुसऱ्यांदा विचारल्यावर थोडे वाढतातच, तेही कबूल. तो बरा झालाय असं मी म्हणतच नाही. आठ हा आकडा त्याचा नव्हता, एवढंच म्हणतोय.

आता माझ्या धंद्याबद्दल. 2015 साली न्यूयॉर्कमधल्या एका अभ्यासात 34 तरुणांचं बोलणं कॉम्प्युटरनं तपासलं. त्यातल्या ज्या पाच जणांना पुढे सायकोसिस झाला, त्यांना त्यानं बरोबर वेगळं काढलं. चौतीस माणसं आणि इंग्रजी! तेवढ्यावर आमच्या लोकांना ॲपची स्वप्नं पडायला लागली. वाक्य कुठून कुठे उडी मारतं, हे असलं मॉडेल मोजतं. दादरच्या ब्रिजवर फोनवर बोलणारा कुठलाही माणूस एका वाक्यात तीन भाषा वापरतो. इंग्रजीवर शिकवलेल्या मॉडेलला ती उडी दिसेल की आजार? हा प्रश्न मी ऑफिसात विचारला, तर उत्तर आलं, “डेटा वाढला की सुटेल.” मराठी डेटा कोण वाढवणार, हे विचारल्यावर मीटिंग संपली.

ओपीडीत गर्दी असते, डॉक्टरांना वेळ नसतो, हे मला माहीत आहे. पण मिनिट तर तेवढंच लागतं. घरच्या भाषेत विचारा. ते जमत नसेल, तर चाचणी कुठल्या भाषेत घेतली एवढं तरी आकड्याशेजारी लिहा. एक शब्द. त्याच्या रिपोर्टवर तो नाही.

डिग्रीचा फॉर्म अजून कोरा आहे. मामांनी तो रिपोर्टसोबत एकाच फाईलीत लावून ठेवलाय.