वय अंदाजे 19 वर्षे



पंधरा वर्षे दहा महिने वयाच्या ज्या मुलाला प्रौढ आरोपींच्या संगतीत पोलीस कोठडीत चार रात्री काढाव्या लागल्या, त्याच्याविषयी आपल्या तालुक्यात जी हळहळ व्यक्त होत आहे ती खरी आहे, आणि म्हणूनच ती वाढविण्यासाठी हे पत्रक काढलेले नाही. त्याने विहिरीवरच्या मोटारीची केबल चोरली की नाही, याचा निर्णय यथाकाल होईल. त्याला मारहाण कोणी केली, याच्या चौकशीचे आश्वासन मिळालेले आहे, आणि अशा आश्वासनांचे आयुर्मान आपण सर्व जाणतो. आम्हांला बोलावयाचे आहे ते केवळ एका रकान्याविषयी. अटकेच्या कागदावर नावापुढे जो वयाचा रकाना येतो, त्यात अंमलदाराने समोरच्या पोराच्या मिसरुडाकडे एक दृष्टिक्षेप टाकून 'अंदाजे 19 वर्षे' असे लिहावे, आणि कायद्याने त्याच्याभोवती उभारलेला सगळा तट त्या दोन आकड्यांनी जमीनदोस्त व्हावा, ही जी रूढी पडली आहे तिच्याविषयी.

रूढी असे आम्ही जाणूनबुजून म्हणतो. नजरचूक असती तर ती कधी इकडे झाली असती, कधी तिकडे. परंतु एकोणीस वर्षांचा गडी अंदाजाने सोळाचा लिहिला गेल्याचे कोणाच्या ऐकिवात आहे काय?

हा तट कोणता, ते पाहू. बाल न्याय अधिनियम 2015 सांगतो की, अठरा वर्षांखालील मुलाला कोणत्याही परिस्थितीत पोलीस कोठडीत वा तुरुंगात ठेवता कामा नये. त्याला ताबडतोब बाल कल्याण पोलीस अधिकाऱ्याच्या हवाली करून चोवीस तासांच्या आत बाल न्याय मंडळापुढे हजर करावे. आणि गुन्हा जामीनपात्र नसला तरीही त्याला जामीन देणे हाच नियम समजावा. विधी सेवा प्राधिकरण अधिनियम 1987 च्या बाराव्या कलमाप्रमाणे प्रत्येक बालकाला, मग बापाचे उत्पन्न काहीही असो, विनामूल्य वकील मिळण्याचा हक्क आहे. तोच हक्क कोठडीतील इसमालाही आहे. म्हणजे आमच्या या पोराला दोन दारांनी वकील मिळावयास हवा होता. एकाही दाराने तो आला नाही, कारण दार ठोठावण्याचे काम ज्यांच्याकडे, त्यांनीच वयाचा रकाना भरून ठेवला होता.

त्याची आई दुसऱ्या दिवशी सकाळी पॉलिथिनच्या पिशवीत शाळेच्या जनरल रजिस्टरचा उतारा घेऊन ठाण्यात गेली. मुख्याध्यापकांची सही, गोल शिक्का, जन्मतारीख अंकी आणि अक्षरी. 'कोर्टात दाखव,' असे तिला सांगण्यात आले. कोर्टात कोणाला दाखवावयाचा हे तिला कोणी सांगितले नाही, आणि रिमांडचे काम उरकेपर्यंत तो उतारा पिशवीतच राहिला.

आता बाल न्याय अधिनियमाचे चौऱ्याण्णवावे कलम पाहा. वय ठरवावयाचे ते प्रथम शाळेच्या वा परीक्षा मंडळाच्या दाखल्यावरून. तो नसेल तर महापालिका, नगरपालिका अथवा ग्रामपंचायत यांच्या जन्मदाखल्यावरून. दोन्ही नसतील तरच वैद्यकीय तपासणीवरून. या यादीत अंमलदाराच्या नजरेला स्थान नाही. हाडांच्या तपासणीने ठरविलेले वय दोन वर्षे इकडे वा तिकडे असू शकते, हे सर्वोच्च न्यायालयाने 1982 सालीच नमूद केले आहे. पण जे क्ष-किरणाला नेमके कळत नाही, ते आमच्या ठाण्यात टेबलापलीकडून दिसते!

या दिव्य दृष्टीची किंमत किती? पुण्यातील 1994 च्या एका हत्याकांडात फाशीची शिक्षा झालेला एक कैदी गुन्ह्याच्या दिवशी साडेबारा वर्षांचा होता, हे सर्वोच्च न्यायालयाने मार्च 2023 मध्ये मान्य केले. तोपर्यंत त्याची 28 वर्षे तुरुंगात गेली होती. त्याला सोडविले ते शाळेच्या दाखल्याने. तो अपवाद होता असे म्हणणाऱ्यांसाठी आणखी एक आकडा: 2016 ते 2021 या सहा वर्षांत देशातील प्रौढांच्या तुरुंगांत सापडलेल्या मुलांची माहितीच्या अधिकाराखाली मिळालेली बेरीज 9681 भरते, आणि सगळ्या जिल्ह्यांनी उत्तरे दिलेली नाहीत.

आता आक्षेपकांकडे वळू. 'दाखले खोटे असतात,' असे एक शहाणे म्हणतात. असतील, तर मंडळापुढे ते खोटे ठरवा. खोटा दाखला तपासता येतो. अंदाज कोणत्या रजिस्टरात तपासावयाचा?

'दाढीमिशा फुटलेल्यांना पोर कसे म्हणावे?' असे दुसरे विचारतात. ज्याने बाराव्या वर्षापासून उसाच्या फडात मोळ्या वाहिल्या, त्याचा चेहरा राठ होणारच. दारिद्र्याने लादलेले प्रौढत्व हाच त्याच्याविरुद्धचा पुरावा मानावयाचा काय? मे 2024 मध्ये पुण्यात भरधाव मोटारीने दोघांचा बळी गेला, तेव्हा आरोपी मुलाचे वय वर्षांतच नव्हे तर महिन्यांसह छापून आले, त्याच दिवशी मंडळ भरले, जामीन झाला आणि तीनशे शब्दांचा निबंध लिहावयास सांगण्यात आला. त्या निबंधावर महाराष्ट्र संतापला. पण त्या वयाच्या रकान्यात अंदाज कोणी का लिहिला नाही, हा प्रश्न विचारण्याचे मात्र सर्वांकडून राहून गेले.

तिसरे म्हणतात, 'जरब बसली पाहिजे.' त्यांची हौस कायद्याने आधीच भागविली आहे: सोळा वर्षांवरील मुलावर घोर गुन्ह्याचा आरोप असेल तर त्याच्यावर प्रौढाप्रमाणे खटला चालविण्याचा विचार मंडळाला करता येतो. परंतु तो अधिकार मंडळाचा, ठाण्याचा नव्हे. आणि तसा खटला चालून दोषी ठरलेल्या मुलालाही एकविसावे वर्ष पुरे होईपर्यंत तुरुंगात धाडता येत नाही. केबलचोरीच्या संशयितावर तुम्ही त्याहून कठोर कसे होता?

तेव्हा प्रत्येक पालकाने एवढे ध्यानात धरावे. मुलाच्या जनरल रजिस्टरच्या उताऱ्याच्या दोन प्रती घरात ठेवा. पोलिसांनी मुलाला नेले तर बाल कल्याण पोलीस अधिकारी कोण, हे नाव विचारा. 15100 वर विधी सेवेला आणि 1098 वर बालकांच्या मदतकेंद्राला कळवा, किंवा न्यायालयाच्या आवारातील तालुका विधी सेवा समितीचे कार्यालय गाठा. तेथून मिळालेल्या वकिलाला फी द्यावयाची नसते. उशीर झाला म्हणून खचू नका: अल्पवयीन असल्याचा मुद्दा कोणत्याही न्यायालयात, केव्हाही, निकाल लागल्यानंतरसुद्धा मांडता येतो.

आमची मागणीही लहानच आहे. वयाच्या रकान्यात ज्या दस्तऐवजावरून वय लिहिले, त्याचा उल्लेख असल्याशिवाय आकडा लिहू नये. पालकाने दाखला आणला तर त्याची पोच द्यावी. आणि जो अंमलदार तो दाखला घेणार नाही, त्याने आपला नकार स्वतःच्या सहीनिशी, तारीख-वेळ घालून, लेखी द्यावा.

— तालुक्यातील काही पालक, शिक्षक व वकील