आधी माणसं मोजा, मग गाडी बघा

अमेरिकेतल्या ज्या मराठी घरांत यंदाच्या उन्हाळ्यात आजी-आजोबा यायचे आहेत, आणि त्यांना यलोस्टोन दाखवायचं म्हणून ट्रेलर घ्यायचा विचार चालला आहे, त्यांच्यासाठी हे लिहिते आहे. ट्रेलर जरूर घ्या. वयस्कर माणसांना स्वतःचं बाथरूम, वेळेवर औषध आणि रात्री गरम खिचडी मिळाली, तर लांबचा प्रवासही सोसतो. पण ट्रेलरच्या आधी तो ओढणारी गाडी ठरवा, आणि गाडीच्या आधी माणसं मोजा. आम्ही नेमकं उलटं केलं.

आम्ही सात जण. आमच्या एसयूव्हीची ओढण्याची क्षमता ८,००० पौंड आणि भरलेला ट्रेलर ७,००० पौंडांचा. विक्रेता म्हणाला, हजार पौंड हाताशी राहतात, काळजी नको. आम्ही सह्या केल्या. पहिल्याच सहलीत एका उतारावर शेजारून मोठा ट्रक गेला आणि मागचा ट्रेलर डावी-उजवीकडे झोके घेऊ लागला. स्टिअरिंग हलकं पडलं होतं, कारण मागे इतका भार होता की पुढची चाकं रस्ता नीट धरत नव्हती. मागच्या सीटवर तीन मुलं आणि सासू-सासरे होते. कुणाला इजा झाली नाही, पण ते अर्धं मिनिट मी विसरलेले नाही.

विक्रेत्याने सांगितलेला आकडा खोटा नव्हता, पण तो आमचा नव्हता. ओढण्याची क्षमता ठरवताना गाडीत फार तर एक-दोन माणसं धरतात. सात जणांच्या घराने बघायचा आकडा वेगळा, तो म्हणजे पेलोड. चालकाचं दार उघडा. चौकटीवर एक स्टिकर असतं. माणसं आणि सामान मिळून किती वजनापुढे जायचं नाही, ते त्यावर लिहिलेलं असतं. आमच्या गाडीवर १,६०० पौंड होतं.

आता हिशेब करा. चार मोठे आणि तीन मुलं मिळून ९०० पौंड. ट्रेलरच्या वजनातलं साधारण १० ते १५ टक्के वजन हिचवर, म्हणजे ट्रेलर जोडायच्या सांध्यावर, पर्यायाने गाडीवरच टेकतं. ७,००० पौंडांवर ते सुमारे ९०० धरा. झाले १,८००. अजून एकही बॅग डिकीत गेलेली नाही. वजन वाटून देणारा हिच चांगला, तो घ्याच, पण त्याचंही शंभरेक पौंड धरा. आणि ट्रेलरचं वजन धरताना माहितीपत्रकातलं कोरं वजन धरू नका. पाण्याची ४० गॅलनची टाकी भरली की तीच ३३० पौंडांच्या वर जाते. मग कुकर, डाळ-तांदूळ, सायकली आहेतच.

मग कोणती गाडी? सहा जणांपर्यंत घर असेल तर पुढे सलग बाक असलेला तीन-चतुर्थांश टनी पिकअप उत्तम. त्यात डिझेलचा मोह होतो, पण डिझेल इंजिन स्वतःच जड असतं आणि तेवढा पेलोड कमी होतो. माणसं जास्त असलेल्या घराला बहुधा पेट्रोलचाच बरा. सात-आठ जण असाल तर शेव्हरोलेच्या एक्सप्रेस ३५०० सारखी प्रवासी व्हॅन बघा. दिसायला शाळेच्या गाडीसारखी, म्हणून मुलं नाक मुरडतील. मुरडू द्या. पंधरा आसनी घेतलीत तर पूर्ण भरू नका, कारण पूर्ण भरलेली तशी व्हॅन उलटण्याचा धोका वाढतो. जुन्यातली चालणार असेल तर २०१३ पर्यंतची सबर्बन २५०० शोधा. मिनीव्हॅनने मात्र मोठा ट्रेलर ओढू नका. बहुतेकींची मर्यादाच ३,५०० पौंडांच्या आसपास असते.

इंजिनाची ताकदही थोडी राखून ठेवा. यलोस्टोनचे रस्ते आठ हजार फुटांवर चढतात, आणि टर्बो नसलेलं इंजिन दर हजार फुटांमागे सुमारे ३ टक्के ताकद गमावतं. पण चढापेक्षा मला उताराची भीती जास्त वाटते. ट्रेलरचे ब्रेक चालवणारा कंट्रोलर गाडीत असल्याशिवाय आवाराबाहेर पडू नका.

जागा पुरत नाही म्हणून कुणाला ट्रेलरमध्ये बसवून नेण्याचा विचार तर मनातही आणू नका. अनेक राज्यांत त्याला बंदी आहे, आणि नसती तरी तिथे ना पट्टा ना धड आसन. त्यापेक्षा दुसरी गाडी न्या, किंवा ट्रेलर लहान घ्या आणि मुलांना तंबूत झोपू द्या.

एकाच मॉडेलच्या दोन गाड्यांचे पेलोडही वेगळे असतात. काचेचं छप्पर, मोठी चाकं, सगळं त्यातून वजा होतं. म्हणून जी गाडी घेणार तिच्याच चौकटीवरचं स्टिकर वाचा, सह्या करण्याआधी. आणि पहिल्या सहलीला निघताना ट्रक स्टॉपवरच्या कॅट स्केल नावाच्या वजनकाट्यावर ट्रेलरसकट गाडी घाला. तिथे प्रत्येक आसाचं वजन वेगळं मिळतं. तोलताना पाण्याची टाकी भरलेली असू द्या आणि सगळ्यांना गाडीत बसवा, आजी-आजोबांनाही.