दूरचे पाखरू, जवळचा चेहरा

आमच्या एका ज्येष्ठ वाचकांचे पत्र या महिन्यात आमच्या हाती आले आहे. ते इंदूरचेच. शिक्षकी पेशातून गेल्या वर्षी निवृत्त झाले आणि तेव्हापासून धार रस्त्यावरील सिरपूरच्या तलावावर रोज पहाटे फिरावयास जातात. थंडीच्या दिवसांत उतरणारी थापट्या बदके, पाणवनस्पतींतून मान काढणारे वारकरी, काठावरचा खंड्या यांनी त्यांना अशी काही मोहिनी घातली आहे की, हे सारे टिपून ठेवावे, असे त्यांना वाटू लागले आहे. त्यासाठी मोठ्या झूमचा एक कॅमेरा त्यांनी मनाशी ठरविला आहे. सूनबाईंचे म्हणणे निराळे. त्यांच्या कार्यालयातील एक सहकारी आपला जुना डीएसएलआर दोन लेन्ससह विकावयास निघाले आहेत. घरात सत्त्याऐंशी वर्षांच्या आजी आहेत, शाळेत जाणारी दोन नातवंडे आहेत. त्यांची चांगली छायाचित्रे आधी व्हावीत, पाखरे मागाहून, असा सूनबाईंचा विचार. पैसे एकाच कॅमेऱ्यापुरते बाजूला काढलेले आहेत. घरात वाद नाही, पण एकमतही नाही.

अशा प्रश्नावर या सदरात लिहावे की न लिहावे, असा विचार क्षणभर आमच्या मनात आला. परंतु कॅमेरा ही काही आता चैनीची वस्तू राहिलेली नाही, आणि निवृत्तीच्या पैशातून घेतलेली वस्तू कपाटात पडून राहिली म्हणजे होणारे दुःख पैशापुरतेच नसते. शिवाय हा प्रश्न वरवर दोन यंत्रांचा दिसला, तरी मुळात तो घरातल्या दोन गरजांचा आहे.

प्रथम ही दोन यंत्रे म्हणजे काय, ते पाहू. खिशात मावणारा छोटा कॅमेरा आणि लेन्स बदलता येणारा मोठा कॅमेरा यांच्या मधला पूल म्हणून पहिल्या प्रकारास ब्रिज कॅमेरा असे नाव पडले. त्याची लेन्स पक्की जोडलेली असते. ती काढता येत नाही, बदलता येत नाही. मात्र तिचा पल्ला थक्क करणारा असतो. निकॉनचा पी ९०० हा कॅमेरा २०१५ साली आला, तो ८३ पट झूमचा. जुन्या फिल्मच्या कॅमेऱ्याच्या भाषेत सांगावयाचे तर २४ पासून २००० मि.मी.पर्यंत त्याची धाव. २०१८ साली त्याच कंपनीने पी १००० काढला, तो १२५ पट झूमचा, आणि २०२५ साली त्याचीच पुढची आवृत्ती पी ११०० आली. कॅननचा एसएक्स ७० हा ६५ पट झूमचा, तोही २०१८ सालचा. दुसरा प्रकार डीएसएलआर. त्यात लेन्समधून आलेले दृश्य आरशावरून परावर्तित होऊन डोळ्यापर्यंत पोहोचते, आणि बटण दाबताच आरसा वर उचलला जाऊन प्रकाश सेन्सरवर पडतो. निकॉनचा २००८ सालचा डी ९० हा या जातीचा एक नामांकित कॅमेरा. आता बहुतेक कंपन्यांनी आपले लक्ष बिनआरशाच्या, म्हणजे मिररलेस कॅमेऱ्यांकडे वळविले आहे. त्यामुळे उत्तम स्थितीतले जुने डीएसएलआर हौशी मंडळींच्या हातून सुटून बरेच स्वस्तात मिळू लागले आहेत.

दोघांतील खरा भेद आहे तो सेन्सरच्या आकाराचा. ब्रिज कॅमेऱ्यातील सेन्सर बहुधा सहा मि.मी. लांब आणि साडेचार मि.मी. रुंद, म्हणजे तुरीच्या मोठ्या दाण्याएवढा. डी ९०चा सेन्सर साडेतेवीस मि.मी. लांब आणि जवळपास सोळा मि.मी. रुंद, म्हणजे लहानशा टपाल तिकिटाएवढा. क्षेत्रफळाचा हिशेब केला तर दुसरा पहिल्याच्या सुमारे तेरा पट भरतो. पावसात अंगणात वाटी ठेवली आणि परात ठेवली, तर पाऊस एकच असूनही परातीत पाणी अधिक साठते, तसेच प्रकाशाचे. आपल्या इंदूरला हे नवे नाही. लाला दीनदयाळ येथे बांधकाम खात्यात नोकरीस असताना १८७०च्या दशकात छायाचित्रणाकडे वळले, महाराज तुकोजीराव होळकर दुसरे यांनी त्यांना उत्तेजन दिले, आणि पुढे ते हैदराबादेत निजामाच्या पदरी गेले. त्यांची काचेच्या मोठ्या पट्ट्यांवर घेतलेली चित्रे आजही इतकी तपशीलवार दिसतात, त्यात कसबाचा भाग आहेच. पण प्रकाश झेलावयास पृष्ठभाग मोठा होता, हेही कारण आहेच.

तेव्हा सूनबाईंचे म्हणणे या जागी सबळ ठरते. सायंकाळी दिवाणखान्यातील एका दिव्याच्या उजेडात, गौरीच्या आरतीच्या वेळी, किंवा शाळेच्या रंगमंचावर नाचणारी नात टिपताना छोट्या सेन्सरचे चित्र दाणेदार आणि धूसर होते. मोठा सेन्सर तेथे तग धरतो. मात्र एक गोष्ट ध्यानात ठेवावी. जुन्या कॅमेऱ्याबरोबर मिळणारी साधी १८ ते ५५ मि.मी.ची लेन्स पुढच्या टोकाला एफ ५.६ इतकीच उघडते. निकॉनची ३५ मि.मी. एफ १.८ किंवा कॅननची ५० मि.मी. एफ १.८ अशी एखादी बिनझूमची लेन्स तिच्यापेक्षा सुमारे दहा पट अधिक प्रकाश आत घेते. ही लेन्स नसेल, तर डीएसएलआर घेऊनही घरातल्या मंद उजेडातला त्याचा लाभ अर्धामुर्धाच पदरात पडेल. सहकाऱ्यांच्या दोन लेन्समध्ये ती नसावी असा आमचा तर्क आहे. नसेल तर तिचा खर्च आधीच हिशेबात धरावा.

आता तलावाकडे वळू. येथे पुष्कळांचा समज असा असतो की, सेन्सर मोठा म्हणजे दूरचे पाखरूही अधिक चांगले येणार. हा समज तपासून पाहण्यासारखा आहे. लेन्सच्या खऱ्या नाभीय अंतराला एफच्या अंकाने भागले असता प्रकाश आत घेणाऱ्या झरोक्याचा व्यास मिळतो. पी ९००ची लेन्स पूर्ण ताणली म्हणजे तिचे खरे नाभीय अंतर ३५७ मि.मी. आणि एफ ६.५, झरोका झाला सुमारे ५५ मि.मी.चा. डीएसएलआरवर सर्रास लावली जाणारी ७० ते ३०० मि.मी.ची लेन्स तिच्या टोकाला एफ ५.६ असते, झरोका झाला ५४ मि.मी.च्या आसपास. म्हणजे त्या पाखराच्या अंगावरून निघून कॅमेऱ्यात शिरणारा प्रकाश दोहींकडे जवळजवळ सारखाच! पाखराची सेन्सरवर पडणारी प्रतिमाही साधारण तेवढीच. फरक इतकाच की, तुरीच्या दाण्यावर ती प्रतिमा काठोकाठ भरते आणि टपाल तिकिटावर ती एका कोपऱ्यात बसते. पी ९००च्या १ कोटी ६० लाख बिंदूंची चौकट जे बदक भरून टाकील, त्याच्या वाट्यास डी ९०च्या १ कोटी २३ लाख बिंदूंपैकी साडेसहा लाखांच्या आसपासच येतील. पहिल्यातील प्रत्येक बिंदू सारखाच धारदार असतो असे नव्हे, तरीही पिसांचे पट्टे, चोचीची ठेवण आणि डोळ्यातली चमक ओळखू येण्याच्या दृष्टीने हा फरक मोठाच आहे. तो भरून काढावयाचा तर डीएसएलआरला फार मोठी, जड आणि महाग लेन्स लावावी लागेल. त्या वाटेला हे घर जाणार नाही, आणि जाऊही नये.

याचा अर्थ ब्रिज कॅमेरा निर्दोष आहे असा मात्र नाही. पूर्ण ताणलेल्या झूममधून दिसणारे दृश्य कर्णावर जेमतेम सव्वा अंशाचे असते. आकाशातला चंद्र अर्ध्या अंशाचा असतो, यावरून अंदाज यावा. एवढ्या चिंचोळ्या खिडकीत पाखरू सापडणे हाच मुळी सरावाचा भाग. आधी झूम मागे घेऊन पाखरू मध्यभागी धरावे आणि मग हळूहळू पुढे जावे. हात किंचित हलला तरी चित्र पुसट होते. कॅमेऱ्यातील स्थिरीकरणाची सोय पुष्कळ सांभाळून घेते, पण झाडाच्या बुंध्याचा किंवा तिवईचा आधार अधिक विश्वासाचा. ऊन चढले की पाण्यावरची हवा थरथरू लागते, आणि त्या थरथरीतून घेतलेले चित्र कोणत्याही कॅमेऱ्याने स्वच्छ येत नाही. म्हणून सूर्योदयानंतरचा पहिला तास हाच खरा. उडत्या पक्ष्याच्या मागे मात्र डीएसएलआर अधिक चपळाईने धावतो, कारण त्यात फोकस धरण्यासाठी स्वतंत्र यंत्रणा असते. आमच्या वाचकांना पोहणारी आणि बसलेली पाखरे हवी आहेत, तेव्हा ही उणीव त्यांना फारशी जाणवू नये. वजनाचे म्हणाल, तर पी ९०० सुमारे नऊशे ग्रॅम. पी १००० मात्र चौदाशेच्या घरात. डी ९० आणि त्याला जोडलेली तशी लेन्स मिळून दीड किलोच्या आसपास जातात. रोजच्या फेरफटक्यात खांद्याला हा फरक कळतो.

जुना डीएसएलआर घेणाऱ्यांसाठीही चार शब्द सांगणे अवश्य आहे. लेन्स दिव्यासमोर धरून आरपार पाहावी. आत कोळ्याच्या जाळ्यासारखे तंतू दिसले, तर ती बुरशी होय. अशी लेन्स कितीही स्वस्त असली तरी घेऊ नये. आपल्याकडच्या पावसाळ्यात, आणि कोकण-गोव्याकडे तर विशेषच, हा रोग फार. पुढे तो आपल्या लेन्सला लागू नये यासाठी घट्ट झाकणाच्या डब्यात सिलिका जेलच्या पुड्या घालून कॅमेरा ठेवावा. झूम फिरविताना घरघर किंवा अडखळ नसावी. एफ १६ वर निरभ्र आकाशाचे एक चित्र घेऊन पाहावे; काळे ठिपके दिसले तर सेन्सरवर धूळ आहे असे समजावे. शटर किती वेळा उघडले, तो आकडा विचारावा. डी ९०चे शटर एक लाख वेळांच्या कसोटीचे आहे. बॅटरी फुगलेली नाही ना, हे पाहावे. आणि निकॉनच्या डी ३१०० सारख्या लहान कॅमेऱ्यात फोकसची मोटार नसते, ती लेन्समध्येच असावी लागते. हे ठाऊक नसल्यास जुनी लेन्स घेऊन पस्तावण्याची वेळ येते. विकणारे ओळखीचे असले तरी ही तपासणी संकोच न करता करावी. ओळखीत तर ती आधीच केलेली बरी.

आता निवाडा. आम्हाला अशा वेळी एक कसोटी उपयोगी वाटते: कोणती अडचण आपल्या श्रमाने दूर होते आणि कोणती होत नाही? पाखरू दूर आहे, ही अडचण श्रमाने दूर होत नाही. पाण्यात उतरून त्याच्याकडे जाता येत नाही, आणि जाऊही नये. सिरपूर आणि यशवंतसागर या आपल्या दोन्ही जलाशयांना २०२२ साली रामसर पाणथळांचा आंतरराष्ट्रीय दर्जा मिळाला. यशवंतसागर तर सारस क्रौंचांचे मोठे आश्रयस्थान. तेथे पाखरांना न उठविता दुरूनच पाहणे, हा शिष्टाचारच होय. उजेड कमी आहे, ही अडचण मात्र काही वेळा श्रमाने दूर होते. स्थिर बसलेल्या माणसाला उजेडाकडे नेता येते. नाचणाऱ्या नातीला नेता येत नाही, हे खरे.

म्हणून आमच्या वाचकांना आम्ही सांगू की, आपण रोज तलावावर जाता, हीच मोठी गोष्ट. जो कॅमेरा रोज बाहेर पडणार तोच घ्यावा, आणि तो ब्रिज कॅमेरा होय. सूनबाईंनी तो डीएसएलआर पंधरा दिवसांपुरता मागून आणावा. त्या पंधरवड्यात तो किती वेळा आपण होऊन हाती घेतला गेला, हे त्यांनीच पाहावे. स्वतः शिकण्याची त्यांची इच्छा असेल, तर पुढेमागे स्वस्तात मिळणारा असा एखादा कॅमेरा आणि ती एफ १.८ची लेन्स त्यांनी स्वतःसाठी अवश्य घ्यावी. परंतु सासऱ्यांच्या छंदाच्या बदल्यात आलेला आणि त्यांनाही न पेलणारा, असा तो कॅमेरा नसावा.

राहता राहिल्या आजी. सत्त्याऐंशी वर्षांचे वय हे कॅमेऱ्याच्या खरेदीची वाट पाहणारे वय नव्हे. आणि त्यांच्या चित्रासाठी कोणत्याही नव्या यंत्राची गरजही नाही. सकाळी नऊच्या सुमारास, जेथून थेट ऊन येत नाही अशा खिडकीपाशी त्यांची खुर्ची ठेवावी. खिडकी त्यांच्या एका बाजूस असावी, पाठीशी नसावी. घरातील दिवे मालवावेत. त्यांना त्यांच्या माहेरच्या गोष्टी विचाराव्यात. आणि घरात आज जो मोबाइल आहे, त्यानेच नातवाने त्यांच्या डोळ्यांच्या उंचीवर बसून दहा-बारा चित्रे घ्यावीत. त्यांतील दोन चांगल्या कागदावर छापून घ्यावीत, एक भिंतीवर आणि एक कपाटात, आणि मागे तारीख व नाव लिहावे. कॅमेऱ्याचा निर्णय महिनाभर लांबला तरी चालेल. थापट्या पुढच्या थंडीतही येतील. हे काम मात्र येत्या रविवारीच उरकून घ्यावे, एवढीच आमची विनंती.